पोटखराबा

मार्च संपता संपता प्रगणक म्हणून नेमणूक.
सावरबोडी, गट दोन, तलावाकडची ओळ.
पिशवीत गेरूची डबी, ब्रश,
आणि तलाठ्याकडून आणलेला जुना नकाशा,
घड्यांवर फाटलेला.

नकाशात जिथे निळं आहे
तिथल्या पहिल्या दारावर मी एक लिहिला.

काठावर चिंधू नान्हेचं एकच घर होतं म्हणे.
तीन पोरं झाली, तीन चुली झाल्या.
चुलींना पोरं झाली.
पाळ हलत नाही, पाणी मागं सरतं:
यंदा एक खोली, पुढच्या साली न्हाणी,
मग म्हशीचा गोठा, मुरमाच्या दोन ट्रॉल्या.
चोरी कोणीच केली नाही.
प्रत्येकाला कुठेतरी पाठ टेकायची होती.
सातबाऱ्यावर या पट्टीला पोटखराबा म्हणतात.
कोणाचं पोट, ते लिहिलेलं नाही.

एकवीस, बावीस.
तेविसाव्या घरात बाळंतीण,
पोर सहा दिवसांचं.
"नाव नाही ठेवलं अजून. मोजता येते का जी?"
येतं, म्हटलं. माणसाचं येतं.

पारबताबाई ओल्या लुगड्यानं दारात उभी.
घरात माणसं दोन.
लिहून झालं तरी ती हलेना.
"अन् पान्यातले कोन मोजन?"
बोटांच्या पेरांवर सुरूच झाली:
दाडक, बोटरी, कटवा, सवडा, शिंगूर,
वाघूर – "हा त दहा साल डोळ्यानं नाही पाह्यला" –
डोकडा, मरळ…
पेरं संपली, तिनं हात बदलला.
ठेकेदाराचं बी आलं तेव्हापासून
बाजारात तीनच नावं चालतात.
तिन्ही गाडीतून येतात,
प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून.

माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
समासात लिहीत गेले,
पेन्सिलीनं, खोडता येईल असं.

गेल्या उन्हाळ्यात या बायांनीच
बेशरम उपटून काढला, तळहात सोलेपर्यंत.
भेगाळल्या गाळात नांगर फिरवला.
पाऊस लागल्यावर चार कोसांवरच्या तलावातून
गाद आणि चिल्याची रोपं
ओल्या पोत्यात, डोक्यावर.
पानठेल्यावरची पोट्टी म्हणाली,
"धान सोडून गवत लावते बाप्पा!"
मीही हसले होते, शाळेच्या फाटकातून.
मासा कुठे अंडी घालतो
हे मी कधी विचारलंच नव्हतं,
पाचवीला विज्ञान शिकवूनसुद्धा.

दुपारी परतताना बांधीत सारसाची जोडी.
त्यांना मोजायला वेगळे लोक येतात, जूनमध्ये,
दुर्बिणी गळ्यात घालून.
आसपासचे सगळे सारस धरले तरी
माझ्या वर्गात मावतील,
बाकं उरतील.
मी सायकल थांबवली.
त्यांनी मान वर केली, मला पाहिलं,
आणि चरू लागले पुन्हा.

चव्वेचाळिसावं घर माझं.
हप्ते चालू आहेत.
मागची भिंत जिथे आहे तिथे, सासरे सांगतात,
कमरेइतक्या पाण्यात पोयणी फुलायच्या.
श्रावणात मोरीतून एक बेडूक येतो,
ओट्याखाली बसून घर बघतो,
भाडं थकलेल्या घरी मालक बघतो तसा.
सुपात घेऊन रस्त्यापलीकडे सोडते.
परत येतो.

पिण्याच्या पाण्याचा स्रोत: नळ.
एकूण सदस्य: पाच.
समासात तेरा नावं.
त्यातल्या चारांपुढे पारबताबाईनं
टिंब द्यायला लावलं होतं:
यंदा जाळ्यात पुन्हा दिसलेली.
वाघुरापुढे टिंब नाही.
"राहू दे नाव," म्हणाली, "जागा ठेव."

फॉर्मच्या पाठीमागे सूचना छापली आहे,
समास कोरा ठेवावा.
उद्या जमा करायचे आहेत.

अंधार पडायच्या आत ब्रश बुडवून
स्वतःच्या दारावर आकडा लिहिला.
गेरू पातळ झाला होता.
दुसरा चार ओघळत उंबऱ्यापर्यंत आला,
थोडा थबकला,
आणि उतार धरून
तलावाच्या बाजूला वळला.